दुभाषी

साक्षीदार क्रमांक सात. बालमणी राजय्या वंगा,
वय एकसष्ट, धंदा विड्या वळणे, राहणार विडी घरकुल.
शपथ मीच दिली तिला, तेलुगूत.
पंख्याचा वारा साहेबांच्या टेबलापर्यंत जाऊन थांबत होता.
एप्रिल. सोलापूरचा.

बचावाचे वकील म्हणाले, विचारा:
घटनेच्या वेळी, फक्त त्या वेळी,
आपण काय करतोय हे आरोपीला कळत होतं का?

मी विचारलं.
ती अकरा वर्षं मागून सुरू झाली.
माग त्याचं नाव घेतो म्हणायचा,
एका खटक्याला श्री, दुसऱ्याला हरी.
कानात सुताचे बोळे कोंबून झोपायचा.
गाणगापूरला दोनदा नेला,
इतर लोक गजांवर चढून किंचाळत होते, हा गप्प.
बाधा असती तर ओरडला असता, म्हणाले.
मग सिव्हिलला. मग महिन्याला एक सुई.

साहेब म्हणाले, एवढं नको. हो की नाही?

तिची बोटं सगळा वेळ हलत होती,
पान नव्हतं, तंबाखू नव्हती, दोरा नव्हता,
तरी वळत होती, चिमटून तोंड मिटत होती.
म्हणाली, *वाडु वाडु कादु.*

तो तो नव्हता.
एवढंच. तीन शब्दांना तीन शब्द.
मी क्षणभर थांबलो
आणि म्हणालो, तो शुद्धीवर नव्हता.
टंकलेखक बाईंनी तेच उतरवलं.
शुद्धीवर तर तो होता. मला माहीत होतं.
आठवीत माझ्याच वर्गात होता श्रीहरी,
पाढे बिनचूक, अक्षर किरटं.

सरकारी वकील उठले.
पाना त्याने धुतला. हात धुतले.
पाना परत पेटीत ठेवला, जिथल्या तिथे.
ज्याला कळत नाही तो पुरावा पुसतो का?
मी जमेल तेवढं सौम्य करून विचारलं.
बालमणी माझ्याकडेच बघत राहिली,
प्रश्न जणू मीच काढला होता.
हात तो दिवसाला चाळीसदा धुतो, मास्तर.
नळाला पाणी चार दिवसांनी येतं.
रांजण मी भरते.

कागद आहेत का आजाराचे?
एक चिठ्ठी होती. तिच्यावर कुणीतरी
विड्यांचा हिशेब मांडलेला. निशाणी म्हणून घेतली नाही.

मग बुरा यांची बायको, अंजम्मा.
मयत नरसय्या बुरा, जॉबर, अक्कलकोट रोडच्या कारखान्यातला.
एकाच बिडी कारखान्याच्या दोघी, एकाच बाकावर
मध्ये एक पिशवी ठेवून बसल्या होत्या.

सरकारी वकिलांनी विचारलं, आधीचं वैर होतं ना?
वैर नाही.
मग भांडण? पगाराचं?
नाही. सुईला माझा माणूसच न्यायचा त्याला,
लुनावर मागे बसवून.
त्या महिन्यात चादरींची ऑर्डर होती. जमलं नाही.

वकिलांनी कागद उलटवले, परत उलटवले.
साहेबांनी विचारलं, बाई, तुमचं म्हणणं काय, सोडावं त्याला?
मी असं कुठं म्हटलं, ती म्हणाली.
माझी मुलगी अजून ताट दोन वाढते.
पण वैर नव्हतं. लिहा.

हे मी जसंच्या तसं सांगितलं.
इथं एक शब्दसुद्धा हलवायची छाती झाली नाही.

जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात
श्रीहरी बेडीसकट भिंतीला टेकून उभा.
मी भत्त्याच्या पावतीवर सही करत होतो.
तो हळूच, तेलुगूत म्हणाला,
मास्तर, माग कुणी बंद केला का?

हवालदार म्हणाला, काय म्हणतोय?

बावीस वर्षं झाली या कामाला.
मी म्हणालो, पाणी मागतोय.

हवालदार भला माणूस. बाटली उघडून दिली.
श्रीहरीने ती घेतली,
तोंडाला लावली नाही,
वाकून, साखळी सावरत,
आधी डावा हात धुतला, मग उजवा,
मग पुन्हा डावा.