मिठाची साय

सकाळी सव्वासहाला आझेनॉर अजून अर्धवट झोपेत असते.
तिला मांडीवर पालथी घेतो,
तळहाताची वाटी करतो आणि पाठीवर थापत राहतो,
बरगड्यांच्या खाली, काखेजवळ, मग दुसरी बाजू,
कॅसेटमधल्या कोल्ह्याची गोष्ट संपेपर्यंत.
घोडा दुडकत गेल्यासारखा आवाज यायला हवा,
असं नांतच्या बाईंनी शिकवलेलं.
सपाट हाताचा आवाज आला तर समजायचं, तिला लागतंय.
पहिला महिनाभर माझा घोडा लंगडाच होता.

मग ती उठून बसते, खोकते,
आणि जे निघतं त्याचा रंग आम्ही खिडकीपाशी नेऊन बघतो,
माझा बाप संध्याकाळचं आभाळ बघायचा तसं.

ती तीन महिन्यांची असताना
रोझेनच्या आईनं तिच्या कपाळाचा पापा घेतला आणि म्हणाली,
पोर खारट लागतेय गं.
मी हसलो.
म्हटलं, गेराँदच्या मिठागरवाल्याची पोर,
ती काय साखरेची असणार?
टेबलाभोवतीचे सगळे हसले. म्हातारी हसली नाही.
तो विनोद मी पुढे बाजारात सांगितला,
चर्चच्या पायरीवर सांगितला,
आठ महिने सांगितला.
त्या आठ महिन्यांत तिचं वजन वाढत नव्हतं.
मग नांतला तिच्या इवल्या दंडाचा घाम टिपून घेतला
आणि डॉक्टरांनी एका आकड्यावर पेन्सिल टेकवली.

लोकांना योगायोग आवडतो.
बाप मीठ काढतो, पोरीच्या अंगातून मीठ निघतं,
गिऱ्हाईक हळहळतं आणि एक पिशवी जास्त घेतं.
मी पैसे मोजून घेतो.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मी विकल्या मिठालाही जागतो,
रात्रभर, भिंतीपलीकडचा खोकला ऐकत.

कॅप्सूल रोझेन मोजते. जेवणाआधी, सफरचंदाच्या गरात.
तुद्युआलनं एकदा एक गिळून पाहिली. नऊ वर्षांचा आहे तो.
का, विचारलं, तर म्हणाला, चव बघितली.
यंदा त्याचा वाढदिवस इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये झाला.
मेणबत्ती पेटवायला परवानगी नव्हती,
त्यानं नुसतीच फुंकर मारली.

भांडतो आम्ही.
मास्क कुणी धुतला नाही यावरून, उघड्या खिडकीवरून, मांजरावरून.
‘तू हसला होतास’ हे मात्र रोझेन एकदाही म्हणालेली नाही.
म्हणाली असती तर बरं झालं असतं.

उन्हाळ्यात आझेनॉर स्वतःचा हात चाटते आणि जाहीर करते:
आज लोण्याइतकी.
काल सार्डिन होते.

पूर्वेचा वारा सुटला की दुपार उतरताना पाण्यावर साय धरते.
लांब दांड्याच्या फळीनं ती अलगद ओढायची,
खालच्या चिकणमातीला धक्का न लावता.
घाई केली तर फुटते, थांबलं तर बुडते.
एवढं मला येतं.
बाकी काही येत नाही.

या आठवड्यात मला सर्दी झाली.
म्हणजे मी घराबाहेर, अंगणापलीकडे मिठाच्या गोदामात,
ढिगाशेजारी घोंगडी टाकून. आज सहावी रात्र संपली.
जेवण तुद्युआल उंबऱ्यावर ठेवतो आणि पळतो.
सव्वासहाला वरच्या खोलीत दिवा लागतो.
रोझेनचा घोडा माझ्याहून चांगला चालतो,
टापा एकसारख्या, उतारावरून ओळखीच्या घरी निघाल्यासारख्या.

आज मध्येच थांबला.
मी उठून दारापाशी आलो, कडीवर हात.
कोल्हा कॅसेटमध्ये बोलतच होता.
मोजत राहिलो. अकरा. बारा.
मग खोकला, लांबलचक,
मग रोझेनचं हसू, कशावर कोण जाणे,
आणि पुन्हा टापा.
कडी गार होती. सोडवेना.