जाड टोक

बेटांवर युद्ध,
आणि कोरिएन्तेसच्या आमच्या पोस्टात लोकरीचा ढीग.
अख्खं शहर विणत होतं.
ज्यांनी जन्मात बर्फ पाहिला नव्हता
ती इथली पोरं तिकडे चिखलात गोठत होती.

माझं काम: पार्सल उघडायचं, चाचपायचं, शिक्का मारायचा.
एउलोखियाच्या मफलरचं एक टोक जाड लागलं.
शिवणीत चिठ्ठी, एकच ओळ:
बाळा, थंडी वाजली तर परत ये.

आधी हसू आलं. मग हात गार पडले.
त्याच आठवड्यात चौकात टाळ्या न वाजवणाऱ्या
एका दंतवैद्याला उचललं होतं;
दवाखाना अजून उघडाच,
खुर्ची मागे कललेली.

मी शिक्का मारला.
दुसऱ्यावर. तिसऱ्यावर.
शूर म्हणून नव्हे. दोन वाजले होते, भूक लागली होती.

चौथं साहेबांच्या हाती लागलं.
"याआधी किती गेली?"
"एकही नाही."
"बाईला ओळखतोस?"
"नाही."
एका दमात दोन थापा,
एक तिच्यासाठी, एक माझ्यासाठी.
कुठली कुणाची, अजून नीट लागत नाही.

कलम होतं, सैन्याचं मनोधैर्य खच्ची करणे.
खिडकीत सुया तशाच,
अर्धी ओळ सुलट, पुढची विणायची राहिलेली.

युद्ध हरलं. सरकारही गेलं, सावकाश.
ती आली नाही.

परवा बाजारात एकजण दिसला, दोन बोटं नसलेला,
भर उन्हाळ्यात गळ्यात तपकिरी मफलर.
टोक जाड होतं का, मी पाहिलं नाही.
कलिंगड घेतलं.
सुटे पैसे मोजले, दोनदा.