राजा नसलेली कादंबरी

द्रुपदा मेतर दर गुरुवारी येते
विजयदुर्गच्या वाचनालयात,
सुकट विकून, टोपली पायरीवर उपडी घालून.
हात धुते, पदराला पुसते, हुंगून बघते,
मग तेच :
"ऐतिहासिक दी. प्रेमाची. पण राजा नको."

दोन कपाटं आहेत माझ्याकडे इतिहासाची.
मुखपृष्ठावर घोडा, घोड्यावर तो,
सज्जात ती, हातात नेमका दिवा.
द्रुपदेने सगळ्या वाचल्यात. बारा कादंबऱ्यांना
अजून बोंबलाचा वास आहे.
मुणगेकर मास्तर त्या नाक मुरडत नेतात,
पण नेतात.

"ह्यांका कामधंदो नाय काय रे?
ती रातभर सज्जात उभी रवता,
मगे सकाळी जाळी कोण धुता?"

म्हणून मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत,
वाचक कमी, विजेचा भरवसा नाही,
मीच बसलो लिहायला,
दंडाच्या पावतीबुकाच्या पाठकोऱ्या पानांवर.

गिर्ये गाव. खाडीकाठची गोदी. अडीचशे वर्षं मागे.
नायक धाकू, कलाफत्या :
गुराबेच्या फळ्यांच्या सांध्यांत सुंभ ठोकतो,
वर राळ ओततो, उंडीचं तेल चोळतो.
मोगरीच्या आवाजाने ऐन पंचविशीत बहिरा.
नायिका आवडी. काथ्या वळते.
खाऱ्या चिखलात कुजवलेली सोडणं बडवून बडवून
नखं कायमची काळी.
सज्जा नाही. दिवा नाही.
चंद्र ठेवला, तोही भरती मोजायला.

त्याला ऐकू येत नाही म्हणून ती सुंभाला गाठी मारते.
एक गाठ : जेवलास का.
दोन जवळजवळ : उद्या नको, बाप घरी आहे.
आणि एक सैल, ओढली की सुटणारी.
तिचा अर्थ मी कुठे लिहिला नाही,
मलाच नीट माहीत नव्हता.

धाकू अंगठ्याने वाचतो.
वाचलेलं पत्र टाकायचं कसं, म्हणून
ठोकतो ते गुराबेच्या सांध्यात,
पाण्याच्या रेषेखाली, चार बोटं खोल, वर राळ.
आरमाराच्या कारकुनाने तोफा मोजल्या, शिडं मोजली,
नांगर दोनदा मोजले.
पत्रं मोजली नाहीत.

शेवटी मी गुराब बुडवली.
अष्टमीची रात्र, उधाण, देवगडच्या बाहेर खोल पाणी.
धाकू गुराबेवर.
आवडी पुळणीत, हातात ती सैल गाठ.
लिहिताना मी रडलो. तेव्हा वीजही गेली होती.

पानं दाभणाने शिवली, तिला दिली,
रजिस्टरात नोंद केली. लेखकाचा रकाना कोरा.

तीन गुरुवार द्रुपदा आली नाही.
चौथ्या गुरुवारी गठ्ठा टेबलावर.
समासात पेन्सिलीची एकच ओळ :
अष्टमेक भांग आसता. उधाण खयसून हाडलंस?

शेवटचं पान नव्हतं.
"चुलीत घातलंय," म्हणाली.
"सुंभ बरो ठोकलेलो आसलो तर सांधो उघडना नाय.
फुगता तो. जितक्या पाणी लागता, तितक्या घट्ट."

"तुला काय माहीत?"

"बापूस माझो कलाफती होतो."

मी कागद सारखे केले. मग विचारलं, "बहिरा?"

"बहिरो खयचो!
आवशीचा सोडून कोणाचा आयकायचो नाय."

आणि हसली, पहिल्यांदाच, सुकटीच्या टोपलीकडे बघत.

उशिराचे सहा रुपये तिने मोजून ठेवले.
नियम आहे, मी घेतले.
पावती फाडायला खण उघडला
तर पावतीबुक तिच्या काखेत,
परत घेतलेलं,
उलट्या बाजूने अजून गुराब तरंगत असलेलं.

"पुढचा लिवन ठेव," पायरी उतरताना म्हणाली,
"आणि तिथी माका इचारून घाल."