दोन वाजेपर्यंत

सकाळी आठला मी हॉस्पिटलच्या धुलाईघरातून परतते
तेव्हा बाहेर अजून रात्रच असते.
पुंता अरेनासचा जुलै.
सूर्य इथं उशिरा कामावर येतो, लवकर पळ काढतो,
आणि त्याचा पगार कुणी कापत नाही.

यर्कोचा कापला.
म्हणजे खेकड्यांचा कारखानाच बंद झाला,
आणि त्याच आठवड्यात शाळेला हिवाळ्याची सुट्टी लागली.
घर पत्र्याचं, खोल्या दोन, मधे लाकडी फळ्या;
पलीकडे कुणी चमचा ठेवला तरी माझ्या उशाशी वाजतो.
म्हणून कुणी न बोलता ठरून गेलं:
दोन वाजेपर्यंत पोरं बाहेर.

मी डोळे मिटून ऐकते.
यर्को कुजबुजतो
(एवढ्या मोठ्यानं कुजबुजणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही),
"बूट हातात घ्या. दाराशी घालू."
दांको विचारतो, "आज काय?"
"आज वारा."
"कालही वाराच होता."
"कालचा शिळा होता."

पुढचं मला मिलेंकाच्या वहीतून कळतं.
नऊ वर्षांची पोर, पण वाण्यासारखा हिशोब:
डावीकडे काय केलं, उजवीकडे किती पेसो.

सोमवार. चौकात माणसं उडू नयेत म्हणून दोर बांधलेत.
आम्ही दोर सोडला, कोट उघडले, मागे रेललो.
वाऱ्यानं तिघांनाही झेललं.
बाबांना थोडाच वेळ, ते जड आहेत. शून्य.

मंगळवार. मोडक्या धक्क्यावरचे पाणकावळे मोजले.
चारशे बारापर्यंत आलो आणि सगळे उडाले.
परत एकपासून. शून्य.

बुधवार. दफनभूमीत लपाछपी.
तिथली झाडं छाटून अंगठ्यासारखी गोल केलीत.
दांको सापडेना.
तो एका थडग्यापाशी बसला होता, आपलंच आडनाव वाचत.
बाबा म्हणाले, हा आपला कुणी नाही.
मग म्हणाले, असेलही.
आम्ही त्याच्यावरचा बर्फ झाडला. शून्य.

गुरुवार. पलीकडच्या बेटावर जाणाऱ्या बोटीला निरोप दिला.
ओळखीचं कुणीच नव्हतं.
सत्तावीस जणांनी उलट हात हलवला,
एक बाई रडली. आम्ही काही केलं नव्हतं. शून्य.

शुक्रवार. पावाच्या पिशव्यांचे पतंग.
पाव चौदाशे पेसो, पण तो खाल्ला, म्हणून धरायचा नाही.
दोरा आईच्या शिवणाच्या डब्यातला. (सांगायचं नाही.)
दांकोचा पतंग फाटला. माझा समुद्रात गेला.
बाबांचा सुटून कारखान्याच्या छपरावर अडकला
आणि तिथंच फडफडत राहिला.
बाबा बघत उभे राहिले.
आम्ही पण थांबलो.
बोटं बधिर झाली तरी थांबलो.

इथं उजवीकडचा रकाना कोरा आहे.
आधी शून्य काढलं होतं, ते खोडलेलं दिसतं;
मग काहीतरी दुसरं, तेही.

त्या पानावर माझं बोट किती वेळ होतं कोण जाणे.
तेवढ्यात चहाचं पाणी आटून किटली करपली.

शनिवारी मला सुट्टी. झोपायचा दिवस.
फळ्यांपलीकडून तीच मोठी कुजबुज आली,
बूट, दार, आई.
मी उठले. बूट हातात घेतले.
माझ्याच घरात चोरासारखी पावलं टाकत
त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

यर्को म्हणाला, "अगं, झोप ना."
दांको म्हणाला, "हिला मागे रेलता येतं का?"
मिलेंकानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं,
पेन्सिल कानामागे खोवली,
आणि म्हणाली, आधी हातमोजे आण,
दोर तारेचा आहे, फार गार लागतो.