पाच किलो

कूलरचं तोंड काल बांधून टाकलं.
वाळ्याच्या ताट्या काढल्या तर आत
गांधीलमाश्यांचं अर्धवट पोळं, आणि तळाला
साऱ्या उन्हाळ्याचा पांढरा क्षार.
उलथन्याने खरवडला. पंपाला फडकं गुंडाळलं.
खिडकीच्या भोकाला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर गोणपाट,
गोणपाटावर मागच्या निवडणुकीचं बॅनर.
एका पडलेल्या उमेदवाराचे जोडलेले हात
आता चार महिने
किल्ल्याकडचा वारा अडवतील.

पुण्याची मामेबहीण फोनवर विचारते,
"एवढं काय गं, थंडीच ना?"
तिला कसं सांगू, लष्करात थंडी नसते,
जाडा असतो.
तो पाहुण्यासारखा येत नाही,
बदली होऊन आलेल्या साहेबासारखा येतो.
आधी त्याची माणसं येऊन घर बघून जातात:
कोजागिरीच्या पहाटे सायकलच्या सीटवर दव,
धनत्रयोदशीला नळाचं पाणी दातांना कळतं.

अंगणात ऊनही मोजकंच उरलंय.
भदौरियांनी तिसरा मजला चढवला तेव्हापासून
अकराला येतं, दीडला खिडकी बंद करून जातं
कॅशियरसारखं.
म्हणून अप्पांची खाट हौदापाशी सरकवली.
मुळा पेरला, मेथी पेरली.
लिंबाच्या रोपाला पोत्याचा अंगरखा शिवला;
सुतळी कमी पडली,
तर अप्पांच्या जुन्या बुटांच्या नाड्या बांधल्या.
ते बूट आता कुठे जात नाहीत.

मग शुबराती आला.
त्याच्या बापाच्या खांद्यावर धनुकली असायची,
गल्लीच्या टोकापासून तिची तार ऐकू यायची.
याच्या गाडीवर मशीन आहे,
ते आमच्याच घरची वीज मागतं.
ट्रंका उघडल्या. डांबरगोळ्यांचा वास
अंगणभर झाला.
रजया उसवल्या, एकेक,
आणि सगळ्यात शेवटी अप्पांची.

पाच किलोची.
ते म्हणायचे, रजई अंगावर बसली पाहिजे,
कुणी छातीवर हात ठेवून
झोप आता, म्हणावं तशी.
तारऑफिसातून रात्री दोनला यायचे मुरारहून,
भुवयांवर धुकं घेऊन,
आणि तिच्याखाली शिरायचे
ते सकाळी आठलाच दिसायचे.

गेल्या पौषात एका रात्री हाक आली.
चोर वाटला मला, की छातीत दुखतंय.
तसं काही नव्हतं.
त्यांना कूस बदलायची होती
आणि रजई बदलू देत नव्हती.
मी दोन्ही हातांनी ती उचलून धरली.
अंधारात ते हसले,
भाडं कमी पडलेला माणूस
कंडक्टरकडे बघून हसतो तसे.

त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

"बाईसाब, बडे साब की कितने की भरूँ?"
शुबरातीने तराजू धरला.
मी तराजूकडे बघितलं, मेथीच्या वाफ्याकडे बघितलं,
सगळीकडे बघितलं.
अप्पा कानटोपी घालून शेंगा फोडत होते.
मान वर न करता
त्यांनीच दोन बोटं दाखवली.
मग पुढची शेंग.

उरलेला तीन किलो कापूस
मांजरासारखा खाटेच्या कडेला बसून राहिला.
जुना आहे पण धागा चांगला,
शुबराती म्हणाला, मला विकता का?
म्हटलं, नको. माझ्यात भर.
"आपकी में तो दो पहले से हैं."
भर, म्हटलं.

रात्री अजून पंखा एकवर लागतो.
तरी दार लोटून घेऊन
नवी रजई पायापासून गळ्यापर्यंत ओढून पाहिली.
बसली.
घाम फुटला, तरी तशीच पडून राहिले थोडा वेळ.

पलीकडच्या खोलीत खाटेची सुंभ करकरली.
अप्पांनी कूस बदलली.
थोड्या वेळाने पुन्हा बदलली,
उगीचच, बदलता येते म्हणून.

उद्या दाल बाजारात जाऊन
कोळशाचं बघायला हवं.