गुरुवारचा फळा

गुरुवारी चारला शैलाताई फळा धुऊन ठेवते
आणि मी खडूंचा डबा घेऊन जातो
सातपूरच्या त्या गल्लीत, टायरवाल्याला लागून,
जिथं पूर्वी पडद्यांची परमिट रूम होती.
तिची पाटी मीच रंगवली होती, लाल इनॅमलनं.
ताईच्या नवऱ्यानं पैसे दिले नाहीत,
म्हणाला, रोज एक क्वार्टर.
मी सगळे वसूल केले. जरा जास्तच.

आता पडदे गेले, नवरा गेला,
भिंतीतून सहा नळ बाहेर आले.
मधे फ्लेक्स आला आणि माझं दुकान गेलं.
हात थरथरायला लागला तोही त्याच सुमारास,
आधी काय झालं ते नीट सांगता येत नाही.
नऊ वर्षं मी सोडा पितो.
रेघ सरळ येते.

इथल्या बीअर मला चवीनं नाही, अक्षरांनी माहीत.
स्टाउट म्हणजे डोकं जड, लिहिताना खडू तुटतो.
गव्हाची ती हलकी, तिला पिवळा खडू पुरतो.
द्राक्षांच्या गावात हे कशाला, असं विचारणारे
विचारून होईपर्यंत दुसरा ग्लास मागतात.

आजचं पिंप निनाद देवरेचं.
अंबडला पंपाच्या कारखान्यात आठ वर्षं तिसरी शिफ्ट,
आता पाथर्डी फाट्यापुढे एका शेडमध्ये बीअर करतो.
पेठची नागली आणतो,
काळी पडेस्तोवर भाजतो.
नाव विचारलं तर म्हणाला, रातपाळी.
मी खूश. त्यात ळ आहे.
कॉम्प्युटरातही ळ असतो, पण त्याला पोट नसतं.
माझ्या ळला दोन,
एकमेकांना टेकलेली दोन पिंपं.

साडेसातला माणसं जमली.
वेल्डर मोसीन, आयटीआयचे दोन मास्तर,
आणि बँकेतली अक्षता गायधनी,
जी प्रत्येक नव्या बीअरची वहीत नोंद करते
आणि ती वही कुणाला दाखवत नाही.
पिंपाला तोटी ठोकायची ती मोगरीनं.
शैलाताईच्या सासूची मोगरी, जन्मभर गोधड्या बडवलेली.
दर गुरुवारी वेगळा माणूस ठोकतो.
मागच्या खेपेला मोसीननं बल्ब फोडला.
आज ताईनं ती माझ्या हातात दिली.

रंगाच्या डब्याचं झाकण सोडून
मी आयुष्यात काही ठोकलेलं नाही.
पहिल्या घावाला काहीच झालं नाही.
दुसरा तिरका बसला.
तिसऱ्याला फेस असा उसळला
की छत भिजलं, मास्तरांचे चष्मे भिजले
आणि फळ्यावरची 'रात' वाहून गेली.
उरलं ते एवढंच: पाळी.

मास्तर आपापल्या चपलांकडे बघू लागले.
पहिली हसली ती अक्षता, पोट धरून,
मग कोणाला आवरेना.
ताई म्हणाली, बरोबरच लिहिलंय. पाळी कोणाची?
आणि पहिला ग्लास माझ्यापुढे सरकवला.

काळा. वर चहाच्या रंगाचा फेस.
तव्याला लागलेल्या भाकरीचा वास,
रात्री दोनच्या डब्याचा.
कारखान्यांत मी याच वेळी काम करायचो,
मशिनं दोन तास बंद असायची तेव्हा,
जमिनीवर पिवळ्या रेघा मारत,
की माणसानं इथून चालावं, इथून नाही.
निनाद एखाद्या तरी रेघेवरून चालला असेल.

ग्लास मी त्याच्या हातात दिला.
आधी करणाऱ्यानं, म्हटलं.
तो डोळे मिटून प्यायला, भोंगा ऐकावा तसा,
आणि म्हणाला, जरा कडू झालीय.
कोणी मान्य केलं नाही.
माझ्या मनगटावर फेस उडाला होता.
मी तो पुसला नाही. चाटलाही नाही.
सोडा पिऊन होईतो वाळला.

'रात' परत लिहा, कोणी म्हणालं नाही.
साडेदहाला पिंप तिरपं केलं, मग आणखी तिरपं,
मग मोसीननं त्याला कान लावला आणि मान हलवली.
मी ओलं फडकं घेतलं.
पा गेला, काना गेला. ळ लवकर जात नाही.
निनाद मागे उभा होता, पावती घडी करत.
पुढच्या महिन्यात जांभूळ करतोय, म्हणाला.
म्हटलं, त्यातही आहे.
माहितेय, तो म्हणाला.