ओळ एकशे सत्तेचाळीस

लेस्टर, एकोणीसशे त्र्याण्णव.
बिझनेस स्कूलच्या तळघरात एक मशीन,
त्याचा पंखा दम लागल्यासारखा,
आणि मी,
दोनशे सहा कारखान्यांचे ताळेबंद
एका बोटाने टाइप करणारी.

मोजे, बनियन, लोकर, बटणं.
कुठला बुडाला, कुठला तरला,
एवढंच शिकवायचं होतं जाळ्याला.
अकरा आकडे आत, एक बाहेर,
मधे सहा पेशींचा लपलेला थर.
त्यात नेमकं काय शिजतं
ते डॉ. प्रॉसरनाही ठाऊक नव्हतं.
सासरसारखं, मी मनात म्हटलं.
इंग्रजीत ते कसं सांगणार?

रात्री लावून जायचं, सकाळी बघायचं,
विरजण लागलं का बघावं तसं.
चूक रोज थोडी उतरायची, तापासारखी.
एकच ओळ हटून बसलेली.
टॅन्सली आणि मुली, विगस्टन. मोजे.
जाळं म्हणे, बुडणार:
शून्य पूर्णांक त्र्याण्णव.
आणि कारखाना तर चालू.

प्रॉसर चहा ढवळत म्हणाले, "काढून टाक ती.
एकीपायी सगळा आलेख वाकडा दिसतो."

मी बस धरली.

विनिफ्रेड टॅन्सली, वय एक्काहत्तर, कानाला पेन्सिल.
"बँकेकडून आलीस?"
नाही, विद्यापीठातून.
"म्हणजे पैसे घेणार नाहीस, देणारही नाहीस."
आत बायका बसलेल्या, मान खाली,
मोज्याच्या टोकाचा एकेक फास
सुईवर चढवत.
डोळे जातात म्हणे या कामात.

मग खणातून वही निघाली.
एक्क्याऐंशीचा हिवाळा.
नऊ आठवडे कुणी पगार उचलला नव्हता.
मॉरीन, आयडा, हंसाबेन, दुसरी मॉरीन,
पुढे पौंड, पेन्स,
आणि फेडल्याची लाल खूण,
कुठे दोन वर्षांनी, कुठे पाच.
एका नावापुढे काहीच नाही.
"ती वारली. मुलगा कॅनडात आहे म्हणतात,
पत्ता मिळत नाही."

मी विचारलं, झेरॉक्स काढू का?
त्यांनी वही मिटली.
"ही माहिती नाही, पोरी. हे देणं आहे."

परतीच्या बसमध्ये काचेवर वाफ,
तिच्यावर बोटाने मी बारावा रकाना आखला.
त्याला नाव काय द्यायचं?
शून्य आणि एकच्या मधे
हंसाबेनचे नऊ आठवडे कुठे मांडायचे?
स्टॉप आला. बाहीने पुसून टाकला.

प्रबंध मंजूर झाला.
पान अठ्ठ्याऐंशी, तक्त्याखाली, बारीक अक्षरात:
"एक नोंद वगळली आहे."
वाक्य माझंच. प्रॉसरनी फक्त स्वल्पविराम काढला होता.

निघताना त्यांनी एक राखाडी जोड दिला होता.
थंडीत अजून घालते.
टाच कधीच विरली, दोनदा रफू केली, वाईट केली.
पण टोकापाशी आतून बोट फिरवते
तेव्हा शिवण
हाताला लागतच नाही.